चाळीतला पहारेकरी

रात्री अडीच वाजता फोन वाजला की पोटात गोळा येतो. आमच्या पिढीच्या तर जास्तच. ट्रंक कॉलच्या काळात अवेळी आलेला फोन चांगली बातमी क्वचितच आणायचा. २०२२ च्या जूनमध्ये माझा मोबाइल असाच अपरात्री वाजला. उशाशी चाचपडून चष्मा लावला, पाहिलं, तर फोन नव्हता, संदेश होता आणि तोही माणसाचा नव्हता. ‘कांदा चाळ, कप्पा ३. तापमान ८५ अंश.’

पंच्याऐंशी अंश म्हणजे चहाच्या आधणाच्या जवळपास! चाळीला आग लागली की काय? मी नाशिकला, चाळ निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी. धाकट्या भावाला फोन लावला. तो बिचारा भुरभुर पावसात अनवाणी बॅटरी घेऊन चाळीकडे पळाला. दहा मिनिटं मी आणि सौभाग्यवती पलंगावर नुसते बसून होतो. मग त्याचा फोन आला. ‘‘दादा, कांदा गार आहे. तूही गार पाणी पी आणि झोप.’’

मुंबईकर वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. ही चाळ माणसांची नव्हे, कांद्याची. मार्च ते मेमध्ये काढलेला उन्हाळ कांदा शेतकरी लगेच सगळा विकत नाही. जाळीच्या भिंती, खालून वारा यावा म्हणून जमिनीपासून उचललेला तळ, वर पत्रा किंवा कौलं, अशा लांबट चाळीत तो भरून ठेवतो आणि भाव बघून दिवाळीच्या आसपासपर्यंत थोडा थोडा बाजारात नेतो. कांदा तिथे निवांत पडलेला दिसतो खरा, पण तो जिवंत असतो. श्वास घेतो, उष्णता आणि ओल बाहेर टाकतो. पंचवीस ते तीस अंश तापमान आणि पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता त्याला मानवते. पावसाळ्यात हवा कोंदट झाली की कुठे काळी बुरशी धरते, कुठे मुळ्या फुटतात, कुठे सड सुरू होते. आणि सड ही गर्दीतल्या अफवेसारखी असते. एकाकडून शेजाऱ्याकडे जाते, वरच्या थराला पत्ताही नसतो.

पूर्वापार यावर एकच यंत्र आहे, शेतकऱ्याचं नाक. माझा भाऊ रोज सकाळी चाळीभोवती एक फेरी मारतो, जागोजागी जाळीला नाक लावतो, हात घालून आतली ऊब पाहतो. वडीलही हेच करायचे. मी थोरला असून शिकून टेलिफोन खात्यात गेलो, एक्स्चेंजमध्ये जन्म काढला आणि निवृत्त झालो. घरच्या शेतीत आपला हातभार काही नाही, ही बोच मनात होतीच. ती बोच आणि रिकामा वेळ एकत्र आले की माणूस काहीतरी उद्योग काढतोच.

उद्योगाचं निमित्त पुतणीचं. तिच्या इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी आणलेला रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक घरात खणात पडून होता. पत्त्यांच्या जोडाएवढी हिरवी पट्टी. त्यावर प्रोसेसर, मेमरी, टीव्ही आणि कीबोर्ड जोडायच्या जागा, आणि कडेला चाळीस पिनांची दुहेरी रांग. डबा नाही, पंखा नाही, हार्ड डिस्क नाही. मोबाइलमधल्यासारखं एक मेमरी कार्ड खोचलं की झालं. इंग्लंडमध्ये केंब्रिजला एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शाळकरी मुलांसाठी काढला. विद्यापीठात येणारी मुलं संगणक वापरतात पण त्याला कामाला लावणं त्यांना येत नाही, ही त्यांची तक्रार होती. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो पस्तीस डॉलरला विक्रीला आला. नावातला ‘पाय’ पायथन या संगणकभाषेवरून आला, हे मला पुतणीने सांगितलं. मुलांसाठी काढलेलं हे खेळणं जगभर आमच्यासारख्या म्हाताऱ्या मुलांनी उचललं, याचं कारण ती पिनांची रांग. तिच्यावर तुम्ही बाहेरचं जग जोडू शकता: दिवा, मोटार, तापमापक, काहीही.

तापमापक मी स्टीलच्या टोपणात बंद केलेले, पाण्याला न जुमानणारे असे आणले. ‘डीएस १८ बी २०’ हे त्यांचं नाव. यांची एक गंमत आहे. असे कित्येक तापमापक एकाच वायरवर ओळीने टांगता येतात, कारण प्रत्येकाला कारखान्यातूनच स्वतःचा वेगळा क्रमांक मिळालेला असतो. संगणक क्रमांक पुकारतो, ज्याचा तो उत्तर देतो. शाळेतली हजेरीच म्हणा ना. जुन्या पार्टी लाइनची आठवण होऊन माझं मन पहिल्या दिवशीच त्यांच्यावर बसलं. वायरच्या आरंभी ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर लावायचा, तीन वायरी नीट झाळायच्या, की काम झालं. चाळीच्या चार कप्प्यांत चार तापमापक कांद्यात खोल पुरले, एक बाहेर सावलीत टांगला आणि आर्द्रता मोजणारा एक लहान सेन्सर मधल्या खांबाला लावला.

या सेन्सरवर भावजयीचा पहिल्यापासून अविश्वास. ‘‘भाऊजी, हा सांगतो ते खरं कशावरून?’’ प्रश्न बरोबर होता. आणि त्याचं उत्तर तिच्याच स्वयंपाकघरात निघालं. घट्ट झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ ठेवायचं, ते चिंब होईल पण विरघळणार नाही इतपत पाणी घालायचं, वर सेन्सर अधांतरी टांगून झाकण लावायचं. काही तासांनी आतल्या हवेची आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर येऊन थांबते, मग डबा कोणाचाही असो. आमचा सेन्सर एक्याऐंशी दाखवत होता! म्हणजे सहा टक्क्यांची थाप. तेव्हापासून दर चार महिन्यांनी मिठाची परीक्षा होते आणि ती भावजय घेते.

आता उरलं ते काम म्हणजे मोजलेलं लिहून ठेवणं. सगळ्यात सोपं वाटलेलं हेच काम सगळ्यात अवघड निघालं. एकदा मोजून पडद्यावर आकडा दाखवणं पोरखेळ आहे. पण दर पाच मिनिटांनी, दिवसाला २८८ वेळा, लाइट गेली तरी, पाऊस आला तरी, मी नाशिकला झोपलो असलो तरी तेच काम कोणी न सांगता चालू राहिलं पाहिजे. अशा प्रोग्रामला ‘सर्व्हिस’ म्हणतात. ‘नोकरी’ हा शब्द त्याला जास्त शोभतो. संगणक सुरू झाला की आपण होऊन कामावर हजर व्हायचं, मधे चक्कर येऊन पडलं तर उठून पुन्हा कामाला लागायचं. नोंदी ठेवायला ‘एसक्यूलाइट’ घेतलं. डी. रिचर्ड हिप या गृहस्थांनी २००० साली लिहून जगाला फुकट देऊन टाकलेलं हे कारकुनी यंत्र आज तुमच्या-आमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही बसलेलं असतं. सगळी वही एका फाइलीत मावते.

पहिल्या महिन्यातल्या फजित्या सांगण्यासारख्या आहेत, पण लांबवत नाही. बाहेरचा तापमापक आधी मी संगणकाच्या डब्यातच ठेवला होता, त्यामुळे गावात मे महिन्यात पन्नास अंश उष्मा आहे असं तो सांगायचा. ती ऊब संगणकाची स्वतःचीच. आणि अडीच वाजताचे ते ८५ अंश? तापमापकाला वीज मिळाल्याबरोबर, अजून काहीच मोजलेलं नसताना, त्याच्या पोटात जो आकडा असतो तो ८५. त्या रात्री वीज क्षणभर लटपटली, तापमापक डोळे चोळत उठला आणि ‘‘काय रे, किती?’’ असं विचारताच तोंडाला येईल ते बोलला. बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं आहे. ते मी नंतर वाचलं.

ही चूक हसण्यावारी गेली. पण तिच्यावर मी जो उपाय केला, त्याने घात केला. आकडा विचित्र आला किंवा आलाच नाही, तर तो टाकून द्यावा आणि त्याजागी मागचाच आकडा लिहावा, अशी दुरुस्ती मी प्रोग्रामात केली. आलेख सुरेख दिसू लागला. खाचा नाहीत, सुळके नाहीत. रोज सकाळी सात वाजता ‘चारही कप्पे ठीक’ असा संदेश भावाला जाऊ लागला. जुलैत नाशिककडे धो धो पाऊस झाला, तरी संदेश ठीक. त्या वर्षी कांद्याला भाव नव्हता. आज वाढेल, उद्या वाढेल, म्हणून लोकांनी चाळी भरून ठेवल्या होत्या, आम्हीही. भाऊ म्हणायचा, ‘‘दादा, तुझ्यामुळे सकाळचा अर्धा तास वाचला माझा.’’ मला मूठभर मांस चढायचं.

रक्षाबंधनाला आम्ही गावी गेलो. भाऊ नेहमीसारखा रस्त्यापर्यंत सामोरा आला नाही. चाळीपाशी होता. मी जवळ गेलो आणि पन्नास पावलांवरच वास आला. सडक्या कांद्याचा वास ज्याने घेतला आहे त्याला वेगळं सांगायला नको, आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. दुसऱ्या कप्प्याच्या कोपऱ्यावरचा पत्रा वाऱ्याने उचकटून पाणी आत झिरपत होतं. तिथला कांदा हाताला गरम लागत होता, आणि हात घातला की लगद्यातून पाणी यायचं. माझा तापमापक त्याच ढिगात होता. मोबाइलवर पाहिलं, कप्पा २, २९.४३७५ अंश. मागे गेलो. आदल्या दिवशी २९.४३७५. त्याच्या आदल्या दिवशीही तेच. नऊ दिवस तोच आकडा! नवव्या दिवसापूर्वी उंदराने वायर कुरतडली होती. तेव्हापासून त्या कप्प्याचा तापमापक मुका होता आणि माझा प्रोग्राम त्याच्या नावाने इमानेइतबारे मागचाच आकडा भरत होता. दर पाच मिनिटांनी. आणि सकाळी सातला ‘ठीक’ म्हणत होता.

दोन दिवस आम्ही सगळे निवडत बसलो. एक ट्रॉली भरून उकिरड्यावर गेली. भाऊ मला काही बोलला नाही. संध्याकाळी हात धुताना एवढंच म्हणाला, ‘‘दादा, कांदा गेला त्याचं नाही. दरसाल थोडा जातोच. पण तुझा संदेश यायचा म्हणून मी त्या कोपऱ्यात हात घातला नव्हता.’’

त्या रात्री झोप लागली नाही. आठवत होतं ते एक्स्चेंज. रात्रपाळीला दर तासाला बॅटरीचा दाब पाहून लॉग बुकात लिहायचा नियम होता. अठ्ठेचाळीस व्होल्टच्या त्या बॅटऱ्यांवर अख्ख्या गावाचे फोन चालत. थंडीत पहाटे दोन-तीनला कोण उठतो? आम्ही काही जण सकाळी सहा वाजता एकदमच रात्रभराचे आकडे भरायचो. एकच पेन, एकच शाई, एकसारखी अक्षरं, तेच दाब. साहेबांनाही ते दिसायचं आणि तेही सही करायचे. तीस वर्षांनी मी एक यंत्र बनवलं आणि त्याला नेमकी तीच सवय लावली.

सप्टेंबरात पुतणीला सोबत घेऊन सगळं पुन्हा लिहायला बसलो. आकडा आला नाही तर जागा कोरी ठेवायची आणि शेजारी कारण लिहायचं: ‘उत्तर नाही’, ‘८५ आला’, ‘वायर तुटली असावी’. आलेखात भोक पडलं तर पडू दे. तासन् तास आकडा दशांशानेही हलला नाही, तर तोही आजारच समजायचा. जिवंत ढिगाचं तापमान असं ताठ उभं राहत नाही. दशांशापुढचे चार आकडे मी काढूनच टाकले. हा तापमापक अर्ध्या अंशाने इकडेतिकडे असतो, हे माहीत असताना २९.४३७५ लिहिणं हा नुसता तोरा.

आणि सकाळचा संदेश बदलला. आता ‘ठीक’ हा शब्दच नाही. ‘कप्पा २: काल २८८ पैकी २८१ नोंदी. जास्तीत जास्त ३०.५. बाहेरपेक्षा २ अंश वर.’ असा रोखठोक हिशेब येतो. हा संदेश सव्वासातपर्यंत आला नाही, तर नाशिकला माझ्या घरचा दुसरा संगणक बोंब मारतो. आमच्या सोसायटीचा गुरखा रात्री शिट्टी फुंकतो, त्यावर सौभाग्यवतींचा फार राग. पण शिट्टी ऐकू आली नाही तर तो जागा आहे की झोपला, हे कसं कळणार? चोर दिसला तरच ओरडीन म्हणणारा पहारेकरी आणि झोपलेला पहारेकरी, दोघेही सारखेच शांत असतात. खुद्द रास्पबेरी पायमध्येही असा एक अंतर्गत गुरखा आहे. त्याला ‘वॉचडॉग’ म्हणतात. पंधरा सेकंदांच्या आत त्याच्या पाठीवर थाप पडली नाही, तर तो सगळा संगणक बंद करून पुन्हा चालू करतो.

मग घड्याळाचं लफडं निघालं. आमच्या या जुन्या पट्टीवर बॅटरीचं घड्याळच नाही. २०२३ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत ते प्रथमच बसवलं, तेही बॅटरी वेगळी जोडायची. आमचा संगणक लाइट येऊन सुरू झाला की आपण शेवटी लिहून ठेवलेली वेळ हीच आत्ताची वेळ समजतो आणि इंटरनेट मिळेपर्यंत तसंच पुढे चालतो. गावाकडे थ्री फेज, सिंगल फेज, डीपी जळाली, हे शब्द लहान मुलांनाही पाठ असतात. लाइट चार तास गेली आणि डोंगलला रेंज नसली, की वहीत खंडच दिसायचा नाही! चार तास गायब आणि त्यापुढच्या सगळ्या नोंदी चुकीच्या वेळेच्या. कुंभकर्ण सहा महिन्यांनी उठून ‘‘आज सोमवारच ना?’’ असं विचारतो तसं. दोनशे-तीनशे रुपयांचं, घड्याळी सेल असलेलं छोटं घड्याळ त्या पिनांवर बसवलं. ते वर्षाला एखाद्या मिनिटापलीकडे चुकत नाही.

मेमरी कार्डही एकदा मेलं. लिहिता लिहिता वीज गेली तर कार्डाची घडी विस्कटते, आणि सतत लिहून ते झिजतंही. आता वायफायच्या डब्यांना लावतात तसला छोटा यूपीएस आहे, नोंदी थोड्या थोड्या साठवून एकदम लिहिल्या जातात आणि रोज रात्री वहीची प्रत नाशिकला येते.

एवढी यातायात कशासाठी, असं सौभाग्यवती विचारतात. मी त्यांना कुलाब्याची गोष्ट सांगतो. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवत असत. माणूस दुर्बिणीतून पट्टी वाचायचा आणि हाताने लिहायचा. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावर मोठा उद्रेक झाला. इंग्लंडात कॅरिंग्टन यांनी तो दुर्बिणीतून पाहिला, आणि सुमारे साडेसतरा तासांनी चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. युरोपातल्या काही वेधशाळांत फोटोच्या कागदावर आपोआप नोंद करणारी यंत्रं होती, त्यांच्या रेघा कागदाबाहेर गेल्या. कुलाब्याचा माणूस मात्र वाचत राहिला, लिहीत राहिला. नेहमी न दिसणारे ते आकडे त्याला चुकीचे वाटले असतील, पण त्याने ते गुळगुळीत केले नाहीत. चुंबकत्वात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण त्या वहीत उतरली. १९०४ साली, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम अलिबागला हलवलं. संचालक नानाभॉय मूस यांनी १८४६ ते १९०५ च्या कुलाब्याच्या नोंदी १९१० मध्ये छापून काढल्या. आणि २००३ साली ब्रूस सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जुन्या आकड्यांवरून ते वादळ किती भयंकर होतं याचा हिशेब मांडला. १४४ वर्षांनी! तो माणूस मागचाच आकडा लिहून मोकळा झाला असता, तर?

आमच्या कांद्याला १४४ वर्षं थांबायचं नसतं. २०२३ च्या १९ ऑगस्टला कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लागलं आणि नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. किती दिवस बंद राहणार कोणालाच माहीत नव्हतं. भाव काय होईल हे माझं यंत्र सांगू शकत नाही आणि ते सांगतो म्हणणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. पण चाळीतला कोणता कप्पा आधी काढावा लागेल, याचा अंदाज आमच्याकडे होता. चौथा कप्पा आठवडाभर बाहेरच्या हवेपेक्षा तीन अंश वर होता. भावाने तो उकरला, मऊ पडलेला वेगळा केला, उरलेला पुन्हा पसरून भरला. लिलाव सुरू झाले तेव्हा पहिली ट्रॉली त्याच कप्प्याची गेली.

सड लागलेल्या कांद्यातून निघणारे वायू ओळखणारी यंत्रंही नाशिक भागात काही तरुणांनी बनवली आहेत. पुतणी म्हणते, आपणही तसा सेन्सर लावू. लावू. सध्या मात्र वेगळीच व्यवस्था आहे. भावाने सकाळची फेरी पुन्हा सुरू केली आहे. चाळीच्या खांबाला एक शंभरपानी वही दोरीने बांधलेली असते. तीत तो तारीख घालून लिहितो: ‘कप्पा १, वास नाही. कप्पा २, वास नाही, हाताला कोमट.’ पुतणी दर रविवारी ते वाचून यंत्राच्या नोंदींशेजारी भरते. ‘नाक’ असा एक रकानाच तिने केला आहे.

गेल्या पावसाळ्यात भाऊ दोन दिवस तापाने पडला होता. तिसऱ्या दिवशी मी गावी गेलो आणि वही चाळली. त्या दोन तारखा त्याने मागाहून घातल्या होत्या आणि पुढे लिहिलं होतं, ‘गेलो नाही.’